मास्तरांची इस्त्री

ये पोरी, अशी जवळ बस. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, मी समोर बसून बोलतेय असंच समज. आणि तोंड पाडू नकोस. रागवायचं तेवढं मी रागावणार आहे, मावशी आहे तुझी.

तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, पोरीनं नि जावयानं घरगाडी घेतली. आत पलंग काय, ओटा काय, फ्रीज काय, पुण्यातल्या फ्लॅटात नसेल एवढं सगळं. ऐकून बरं वाटलं. मग हळूच म्हणाली, पहिल्याच फेरीत कुठल्याशा शेतावर मुक्काम केला, तिथल्या भिंतीतल्या बोर्डात गाडीची वायर सरळ खोचली आणि रात्रीतून फ्रीज गेला, पंखा गेला, गाडीतली बॅटरी भरायची पेटी गेली. कावून गं? एवढी घाई कसली? परक्या घरचं पाणी पिताना आपण आधी हुंगतो, गार आहे का बघतो, आणि परक्या घरची वीज तशीच घटाघटा पाजलीस गाडीला?

तुला आमचे मास्तर भेटले असते तर असं झालं नसतं. त्यांचं तुला कधी सांगितलंच नाही मी. आज सांगते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. यष्टीतले. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. मांजरसुंब्याच्या फाट्यावर आमचा ढाबा सुरू झाला तेव्हापासून त्यांची गाडी चहाला थांबायची. बीडच्या जुन्या मोहल्ल्यातलं घर त्यांचं. अंगानं काटकुळे, मिशी पांढरी, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. चामड्याची पिशवी आयुष्यभर एका खांद्याला लटकलेली, ती खांद्यानं कायमची लक्षात ठेवली. रिटायर झाल्यावर पिशवी गेली, तरी माणूस तसाच एका बाजूला कलून चालायचा. चहा कधी बाकावर बसून प्यायले नाहीत. एक पाय गाडीच्या पायरीवर, एक जमिनीवर, बशी ओठाला. आम्ही म्हणायचो, मास्तर, बसा की जरा. तर म्हणायचे, "बसलो की माझी सीट कुणीतरी धरंल."

बोलायची एक खोडच होती. "पुढं सरका, मधी जागा हाय." हे ते लग्नाच्या पंगतीत म्हणायचे, दवाखान्यात म्हणायचे. एकदा आमच्या गोठ्यात म्हशी दारात अडून बसल्या होत्या तर त्यांनाही म्हणाले. आणि खरं सांगते, म्हशी सरकल्या.

तर हे मास्तर रिटायर झाले आणि पुष्कळ दिवस दिसले नाहीत. मग एका सकाळी फाट्यावरून एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर डुलत डुलत आवारात आला. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. टपावर बादली, घडीची खाट, एक लांबलचक वायरीचं वेटोळं. समोर काचेच्या वर यष्टीला असते तशी पाटी, तिच्यावर गावाचं नाव काही नाही, एकच शब्द रंगवलेला, मुक्काम. आणि स्टेअरिंगवर मास्तर!

आमचे मालक, म्हणजे तुझे काका, चुलीपुढून उठून बाहेर आले. "मास्तर, तुमाला गाडी चालवायला कधीपासून येती वो?"

"जिंदगीभर डायवरची पाठ बघितली दादा. आता त्याच्या जागेवर बसून बघतो, त्याला काय दिसत व्हतं."

तेवढ्यात गाडीच्या आतून घंटी वाजली. टण्. एकच. मास्तरांनी चटकन ब्रेक दाबला, खरं तर गाडी उभीच होती. यष्टीत दोरी ओढून घंटी वाजवतात बघ, एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं, तीच घंटी त्यांनी ह्या गाडीत बसवली होती. आयुष्यभर जी दोरी त्यांनी ओढली, तिचं टोक आता दुसऱ्याच हातात होतं.

त्या दुसऱ्या म्हणजे भाबी. मास्तरांची बायको.

खिडकीला लागून पलंग, पलंगावर उशांना टेकून एक चिमुकली बाई. नाकाला बारीक नळी. नळीचं दुसरं टोक पायाशी ठेवलेल्या एका पेटीत. ती पेटी आपलं एका लयीत घुर्र करायची आणि मग फुस्स. हवेतून प्राणवायू काढून द्यायचं मशीन ते. भाबीची फुप्फुसं पार थकली होती. पेटी थांबली की थोड्या वेळात ओठ निळे पडायला लागायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसरात्र लावून ठेवा, आणि घरातच राहा.

"घरातच व्हते की मी," भाबी मला म्हणाली. बोलताना दोन शब्द झाले की एक श्वास, अशी बोलायची. "हे मुक्कामी गाडीवर. आज ह्या गावाला मुक्काम, उद्या त्या गावाला. सकाळी येऊन सांगायचे, तिथं अशी चिंच हाय, तिथं असा वढा हाय, तिथल्या म्हातारीनं भाकर दिली. मी निस्ती ऐकायची. आता म्हटलं, जिथं जिथं माझ्याबिगर झोपलात, तिथं तिथं मला एकेक रात न्या."

मुक्कामी गाडी तुला ठाऊक नसंल. संध्याकाळची शेवटची यष्टी एखाद्या आडगावी जाते, रात्रभर तिथंच उभी राहते नि पहाटे तिथूनच निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. मास्तरांची निम्मी नोकरी अशी बाकड्यावर आडवं पडून गेली. त्या सगळ्या रात्री भाबीला परत पाहिजे होत्या. मागून मागून काय मागितलं बाईनं! दागिना नाही, तीर्थ नाही. चुकलेल्या रात्री.

आणि मास्तरांनी हो म्हटलं. पण मुक्काम म्हटला की वीज परक्याची. कुठं गिरणीतून, कुठं मशिदीतून, कुठं देवळाच्या सभामंडपातून वायर ओढायची. आणि आपल्याकडची वीज कशी आहे तुला सांगायला नको. दुपारी बल्ब विझायला आलेल्या निखाऱ्यासारखा, मध्येच भपकन पेटून डोळे दिपवणारा. पहिल्याच मुक्कामाला तुझ्यासारखंच केलं मास्तरांनी. गिरणीच्या बोर्डात वायर सरळ खोचली. गिरणी बंद झाली, वीज उसळली, मशीनमधून जळका वास आला. भाबीला तशीच दवाखान्यात पळवली. वाचली. पण मास्तरांच्या आत काहीतरी कायमचं जागं झालं ते परत झोपलं नाही.

तेव्हापासून सुरू झाली ती इस्त्री.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, माणूस चळला. गाडी उभी केली, आणि मशीन जोडायचं सोडून मास्तरांनी पिशवीतून एक विजेची इस्त्री काढली, जुनी, वजनदार, आणि एक चुरगळलेला खाकी सदरा. नोकरीतला. आमच्या मागच्या आवारातल्या बोर्डाशी स्टूल मांडलं, आधी दोन बल्ब एकत्र बांधलेली वायर लावून बघितली, टेस्टर लावून बघितला, मग इस्त्री खोचली आणि सावकाश सदऱ्याला इस्त्री करू लागले. डोळे मात्र सदऱ्यावर नाहीत. शेजारी एक काटा असलेलं मीटर ठेवलेलं, त्याच्यावर.

ट्रकवाले हसायला लागले. "मास्तर, ड्यूटीवर निघालात का?"

"हौ. करंटची मुलाखत घ्यायलोय," मास्तर म्हणाले.

मग मला म्हणाले, "ताई, मोकळ्या हातानं कुणीबी सरळ उभं राहतं. वझं दिलं की कळतं कंबर कशी हाय. इस्त्री म्हंजे वझं. तिला वीज लई लागती. काटा तिथंच राहिला तर समजायचं वीज भल्या घरची. काटा पडला की वायर कुठंतरी ढिली."

आमच्या आवारातला काटा पडला. नुसता पडला नाही, झोपला. मी सवयीनं कळशी उचलली आणि कडुलिंबाखाली जमिनीत ठोकलेल्या सळईवर पाणी ओतलं. काटा वर आला.

मास्तर बघतच राहिले. "हे काय केलं ताई?"

"पाणी घातलं. उन्हाळ्यात रोज घालते. घातलं की बल्ब लख्ख पेटतात."

हसू नकोस. आपल्याकडं घरोघरी असंच चालायचं. विजेच्या दोन तारा असतात, एकीनं येते, दुसरीनं परत जाते. आमची परत जाणारी तार कधीचीच तुटली होती. मालकांनी जमिनीत एक सळई ठोकून तिलाच वायर बांधली, वीज मातीतून परत जाऊ दे म्हणाले. माती ओली असली की चालायचं, सुकली की बल्ब मरगळायचे. म्हणून मी संध्याकाळी तुळशीला एक तांब्या आणि विजेला एक कळशी घालायची. मला तर त्यात काही वावगं वाटायचंच नाही. उलट बरं वाटायचं, आपण पाणी घातलं नि उजेड फुलला.

मास्तरांनी इस्त्रीची पिन काढली. आधी मला म्हणाले, "पायात चपला घाला ताई. त्या सळईत जीव हाय, एखाद्या दिवशी तुमालाच धरंल." मग मालकांकडं वळले. "दादा, माझी बेगम एका कळशीभर पाण्यावर श्वास घेणार का?"

"इतकी वर्सं चाललंय की मास्तर!" मालकांना राग आला होता.

"बल्ब चालतो दादा. माणूस न्हाई चालत."

मास्तर त्या रात्री गाडी घेऊन बीडला घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मालक वायरमनला घेऊन शिडीवर. मीटरपासून नवी तार आवारापर्यंत ओढली, सळई उपटून टाकली. मास्तरांना सांगायचं नाही म्हणून मला दम दिला. मास्तर परत आले, इस्त्री काढली, सदऱ्यावरून फिरवली, काटा सरळ उभा. मास्तर मालकांकडं बघून म्हणाले, "करंट सुधारला की!" मालक म्हणाले, "हवापालट झाला आसंल." दोघेही असे एकमेकांकडं न बघता हसले.

आणि एक गंमत राहिलीच सांगायची. इस्त्री करून झाली की मास्तर तो कडक सदरा दोन्ही हातांनी चुरगळून, बोळा करून पिशवीत कोंबायचे. मी म्हटलं, अहो मग केलीत कशाला? तर म्हणाले, "पुढच्या मुक्कामाला पायजे की कामाला." इतक्या गावांत इस्त्री झालेला तो सदरा, अंगावर मात्र चढत नव्हता.

इस्त्रीनं पास केलं तरी वीज थेट आत जात नव्हती. गाडीच्या दाराशी त्यांनी एक लोखंडी पेटी बसवली होती. वीज कमी झाली की ती टक् करून तोडायची, जास्त झाली तरी तोडायची. मग मशीन आपोआप गाडीतल्या बॅटरीवर. गेलेली वीज परत आली तरी पेटी लगेच जोडायची नाही, थोडी थांबायची. मी विचारलं तर मास्तर म्हणाले, "रुसून गेलेलं माणूस परत आलं की लगीच माजघरात घेऊ नये ताई. थोडं वसरीवर बसू द्यावं. डोकं शांत झालं का बघावं." त्या टक् आवाजाला भाबी भीत नव्हती, हसायची. म्हणायची, "मास्तरांनी तिकीट फाडलं बघा कुणाचं तरी."

ती गाडी आवारात असली की संध्याकाळी ढाब्याचा रंगच वेगळा व्हायचा. पडद्यामागं पिवळा बारका दिवा, आत ते मशीन घुर्र, फुस्स, घुर्र, फुस्स, जणू कडुलिंबाखाली एखादं मोठं, मवाळ जनावर बसून झोपेत श्वास घेतंय. ट्रकवाले दांडगे, पण त्या बाजूला गेले की आवाज खाली. कुणी कर्णा वाजवला तर बाकीचेच त्याला शिव्या घालायचे. मी भाकऱ्या उरकून भाबीपाशी जाऊन बसायची. ती मला मुक्काम सांगायची. कुठल्या गावी पहाटे तिच्या खिडकीत मोर येऊन उभा राहिला, कुठं बायांनी ओवाळलं, कुठं रात्रभर पारावर कुणीतरी बाजाची पेटी वाजवत होतं आणि सकाळी विचारलं तर गावात कुणाकडं पेटीच नाही म्हणाले. तिचं ऐकता ऐकता मला कळायचं नाही, ही बघून आलेलं सांगतेय की मास्तरांनी पूर्वी सांगितलेलं. बहुतेक तिलाही कळत नसावं. दोन्ही एकात एक मिसळून गेलं होतं, दुधात साखर विरघळावी तसं.

एकेक करत सगळे मुक्काम झाले. एक राहिला. मास्तरांचा पहिला.

धारूरच्या अलीकडं डोंगरात एक वस्ती आहे. सीताफळीची झाडं, दगडाची दहा-बारा घरं. नवं लग्न झालेलं नि तिथं ड्यूटी लागली. तिथं एक पसरट कातळ आहे. मास्तर तेव्हा भाबीला सांगायचे, दिवेलागणीला त्या कातळावर बसलं की लांबवर बीडचे दिवे दिसतात. "आपल्या घराचाबी दिवा दिसतो," असं सांगायचे. भाबी मग रोज संध्याकाळी अंगणातला दिवा लवकर लावायची. त्यांना दिसावा म्हणून. ज्या दिवशी ते तिथं मुक्कामाला नसतील त्याही दिवशी.

त्या कातळावर भाबीला बसायचं होतं. आणि मास्तर टाळत होते.

"तिथली लाईट भरवशाची न्हाई," म्हणायचे. "पुढच्या खेपेला जाऊ." भाबी दोरी दोनदा ओढायची, टण् टण्, चला. मास्तर इंजिनच चालू करायचे नाहीत. हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलं. भाबीचं बोलणं आता दोन शब्दांवरून एका शब्दावर आलं होतं. पुढच्या खेपा किती उरल्यात हे तिघांनाही कळत होतं, त्यांना, तिला आणि मला.

मग फाल्गुनात ते झालं.

तिसरा प्रहर असेल. पळस फुललेला, ऊन गाढ झोपल्यासारखं पडलेलं. आवारात मास्तरांची गाडी, इस्त्री होऊन वायर जोडलेली, भाबीचा डोळा लागलेला. तेवढ्यात कडब्याचा एक ट्रक आत वळला. कडबा किती भरावा माणसानं! दुमजली घराएवढा. खांबावरची सगळ्यांत खालची तार त्या कडब्यात अडकली. ड्रायव्हरला कळलंच नाही, तो तसाच पुढं. तार ताणली, ताणली, आणि तुटली.

ती परतीची तार होती, पोरी. सगळ्या वाडीची. एका घराची तुटली तर बल्ब मरगळतात, सगळ्यांची मिळून तुटली की वीज वाट चुकून दुप्पट जोरानं घरांत घुसते.

मी चुलीपाशी होते. डोक्यावरचा बल्ब आधी पांढरा झाला, मग निळसर, असा उजेड मी जन्मात पाहिला नव्हता. भर दुपारी भिंतीवर माझी सावली पडली. एक क्षण सगळं इतकं सुंदर दिसलं म्हणून सांगू, पितळेचे डबे, मिरच्यांची रास, मालकांच्या मिशीचा केस न् केस. मग फट्. बल्ब फुटला. टीव्ही धुमसला. मोठा फ्रीज एकदा कण्हला आणि गप्प झाला. बाहेरून, वाडीतून, फट् फट् आवाज यायला लागले आणि बाया ओरडायला लागल्या.

आणि त्या सगळ्यात एक बारीकसा आवाज मी ऐकला. टक्.

मी धावत सुटले. मास्तर आधीच दारात. आत मशीन आपलं घुर्र, फुस्स. बॅटरीवर. भाबी डोळे किलकिले करून म्हणाली, "तिकीट?"

"हौ," मास्तर म्हणाले. "फाडलं." आणि पायरीवर मटकन बसले. जिच्यावर त्यांचा सगळ्यांत जास्त भरवसा होता ती आमच्या आवारातली वीज. स्वतः इस्त्री करून पास केलेली. तीच उलटली होती. दाराशी ती लोखंडी पेटी नसती तर.

मालक फोन करून आले. तार जोडायला उद्या माणूस येणार. बॅटरी उद्यापर्यंत पुरणार नव्हती.

"बीडला घरी घेऊन जातो," मास्तर म्हणाले. "नाहीतर दवाखान्यात."

टण् टण्.

"बेगम, ऐक—"

टण् टण्.

मास्तर खिडकीशी गेले. "तिथं, कातळापाशी, लाईट नसली तर?"

भाबीनं दम घेतला. एकेक शब्द, मध्ये एकेक घुर्र नि फुस्स. "हितं. व्हती. की."

मास्तरांनी कडब्याच्या ट्रककडं बघितलं, तुटलेल्या तारेकडं बघितलं. मग मालक हळूच म्हणाले, "मास्तर, इंजिन चालू असलं की बॅटरी भरती ना?"

"भरती."

"मग चालू ठिवा की. गाडी पळती तोवर भाबीला काय धोका न्हाई. आन् न्हाईच जमलं तर तशीच फिरवा, थेट दवाखाना. पुढं सरका मास्तर, मधी जागा हाय."

मास्तरांचंच वाक्य मास्तरांना. ते उठले, स्टेअरिंगवर बसले. भाबीनं माझा पदर धरला होता तो सोडला नाही, म्हणून मीही चढले. पीठ लागलेल्या हातांनी.

तो प्रवास मला अजून स्वप्नात पडतो. इंजिन खाली धडधडतंय, पायाशी मशीन श्वास घेतंय, दोन्हींचा सूर एक झालेला. खिडकीतून पळस जातोय, ज्वारीची रिकामी रानं जाताहेत, कडब्याच्या गंजी घरांसारख्या आणि घरं गंजींसारखी. मास्तर प्रत्येक फाट्याला पाठीमागं न बघता गावाचं नाव मोठ्यानं सांगत होते, यष्टीत सांगायचे तसं. भाबी खिडकीला कपाळ टेकून. तिच्या श्वासानं पडद्याची कड हलायची आणि थांबायची. मला वाटलं, ही गाडी अशीच चालत राहावी, कुठं पोचूच नये.

घाट चढून वस्तीवर आलो तेव्हा ऊन केशरी झालं होतं. इंजिन चालूच ठेवून मास्तर उतरले. एका ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली. तिनं कपाळावर हात धरून बघितलं.

"मास्तर न्हवं का? लई म्हातारे झालात की वो!"

"तुमीबी पुढं सरकलात की आक्का," मास्तर म्हणाले. "लाईट हाय का?"

"हाय की. दोन बल्ब नि एक टीव्ही, एवढीच तर वस्ती राहिली. तिला तरास द्यायला हाय कोण?"

मास्तरांनी इस्त्री काढली. आक्कांच्या ओट्यावर, दारातल्या बोर्डाला लावली. सदरा पसरला. मी मीटरकडं बघत होते, श्वास धरून. काटा उभा. इस्त्री तापली, सदऱ्यातून वाफ निघाली, काटा तसाच उभा, देवळातल्या समईच्या ज्योतीसारखा. मास्तर कॉलर करत राहिले, बाह्या करत राहिले, खिशांची टोकं करत राहिले. इतक्या मुक्कामांत एवढी चांगली वीज त्यांना कुठंच भेटली नव्हती. आणि हिलाच ते सगळ्यांत जास्त भ्यायले होते.

इस्त्री झाली. मी वाट बघत होते, आता बोळा करतील. मास्तरांनी अंगातला शर्ट काढला आणि तो खाकी सदरा घातला. बटणं लावली. डावा खांदा खाली तो खालीच.

मग टपावरचं वायरीचं वेटोळं उलगडलं. आक्कांच्या बोर्डापासून दाराशी बसवलेल्या लोखंडी पेटीपर्यंत, तिथून सीताफळींमधून कातळापर्यंत. मशीन मी उचललं, भाबीला मास्तरांनी. कातळ दिवसभर तापलेला, अजून ऊबदार होता. भाबीला टेकवून बसवलं. खाली डोंगरांच्या रांगा निळ्या होत होत विरघळत चालल्या होत्या. मास्तर तिच्यापुढं उभे राहिले, ताठ.

"कुठं जायचं बाई?"

"हितंच," भाबी म्हणाली. "मुक्काम."

आणि मग ती लांब बघायला लागली. डोळे बारीक करून. एकीकडून दुसरीकडं. अंधारायला लागलं, खाली कुठं कुठं एखादा मिणमिणता दिवा लागला, जवळच्याच एखाद्या वाडीचा.

"बीड," ती म्हणाली. "कुठं?"

मास्तर सदऱ्याचं बटण चाचपत राहिले.

"दिसत. न्हाई. की वो."

"न्हाईच दिसत," मास्तर म्हणाले. खाली बसले, तिच्या पायाशी. "मधी डोंगर हाय. कधीच दिसत नव्हतं बेगम. म्हणून तर टाळायलो होतो. निम्मं लाईटसाठी, निम्मं ह्याच्यासाठी. पण मला दिसायचं. खरं सांगतो, मला दिसायचं."

भाबी हसायला लागली. हसताना तिला दम लागत होता आणि तरी ती थांबेना. मी घाबरले, पण मशीन आपलं घुर्र, फुस्स करत होतं, एकदाही न चुकता. तिनं मास्तरांच्या कडक कॉलरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मी. दिवा. लावायची. रोज."

एवढंच. दोरी तिथं नव्हती. तिनं तोंडानंच आवाज केला, हलकासा. टण्. एक.

ती श्रावणात गेली. बीडला, आपल्या घरी, दुपारचं जेवण झाल्यावर, झोपेत. मी भेटायला गेले तेव्हा मास्तर भिंतीला टेकून बसले होते. मला बघून एकच वाक्य बोलले. "ताई, करंट बरोबर होता. काटा सरळ होता." मी नुसती मान हलवली. त्यांना कुणीतरी हो म्हणायला पाहिजे होतं.

आता ती गाडी आमच्या आवारात उभी आहे, कडुलिंबाखाली. लोखंडी पेटी मालकांनी आमच्या भिंतीवर बसवली, ढाब्याची वीज आता तिच्यातूनच येते. इस्त्री नि खाकी सदरा माझ्या फडताळात आहे. मास्तर अधूनमधून यष्टीनं येतात, एक पाय पायरीवर ठेवून चहा पितात, त्याच गाडीच्या पायरीवर. परवा मालक म्हणाले, मास्तर, नवीन बोर्ड बसवलाय, जरा इस्त्री लावून बघा की. मास्तरांनी इस्त्रीकडं बघितलं नि म्हणाले, "कुणासाठी दादा?" बशी ठेवून उठले.

ते मला बघवत नाही, पोरी.

म्हणून म्हणते, तुमची ती गाडी दुरुस्त करून घ्या आणि इकडं या. आवार मोठं आहे, सावली आहे, भाकरी मी करते. फाटकाशी एकदाच हॉर्न वाजव. वायरीला हात लावू नकोस, नुसती टपावर दिसंल अशी ठेव. मास्तरांना मी निरोप देऊन ठेवते, पाव्हणे यायलेत, परकी वीज घेणार आहेत.

लवकर ये. आणि येताना जावयाचा एक सदरा घेऊन ये. चांगला चुरगळून आण.